शिऊरच्या बहिणाबाईंनी मन कसे राखिले

वारकरी सज्जनहो, बहिणाबाई हे नाव काढिले की हल्ली बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जळगावच्या बहिणाबाई चौधरी उभ्या राहतात. त्यांचा मान मोठाच. शेतात राबता राबता आणि जात्यावर बसता बसता त्यांनी गाणी रचिली, आणि १९५१ साली त्या गेल्यावर दुसऱ्याच वर्षी ती पुस्तकरूपाने निघून घरोघर पोचली. परंतु आज आम्ही ज्यांची कथा सांगणार आहोत त्या बहिणाबाई यांच्या अडीचशे वर्षे आधीच्या, शिऊरच्या, तुकोबारायांच्या शिष्या. आपल्या संप्रदायाची इमारत कोणी पायापासून उभारिली आणि कळस कोणाचा, हे ज्या अभंगात सांगितले आहे तो अभंग आपण लहानपणापासून म्हणतो. त्याच्या शेवटी नाव बहिणेचे. अभंग सर्वांच्या तोंडी आहे, पण ज्या बाईने तो रचिला तिच्यावर काय काय गुदरले हे विचाराल तर दहांतले दोघेही धड सांगणार नाहीत.

ही कथा काढण्यास एक निमित्त झाले. मागच्या चातुर्मासात एका गावी प्रवचन आटोपल्यावर एक बाई थांबून राहिल्या. वय पन्नाशीच्या आतबाहेर. त्यांनी आम्हांस विचारिले की, महाराज, घरकामात, आजारपणात, पोराबाळांच्या खस्ता काढण्यात सारा दिवस जातो. रात्री माळ हाती घेतली तर हात मणी ओढतो आणि मन कोरडे ठाक असते. आतून काही उगवतच नाही. अशा मनाचे काय करावे? आम्ही नामाचा महिमा सांगितला, जो नेहमी सांगतो. बाईंनी मान हलविली, पायांस हात लाविला आणि गेल्या. परंतु त्यांचे समाधान झाले नाही हे आम्हांस त्यांच्या चालण्यावरूनच कळले. घरी परत येताना बहिणाबाईंची आठवण झाली. ती त्याच वेळी व्हावयास पाहिजे होती. असो.

शके १५५० म्हणजे इ. स. १६२८ हे बहिणाबाईंचे जन्मवर्ष. गाव देवगाव, ज्यास देवगाव रंगारी म्हणतात. वेरूळच्या लेण्यांपासून फार लांब नव्हे. वडील आऊजी हे गावचे कुळकर्णी, आईचे नाव जानकी. पुष्कळ वर्षे मूलबाळ नाही म्हणून नवससायास, अनुष्ठाने झाली आणि मग ही मुलगी झाली. पुढे एक भाऊही झाला. बरोबरीच्या पोरी खेळ मांडीत त्यांत ही असे, पण खेळता खेळता मध्येच देवाचे नाव घेत बसे. हे सारे त्यांनी स्वतःच आपल्या अभंगांत सांगून ठेविले आहे. जन्मापासूनची आपली हकीकत एखाद्या बाईने मराठीत इतक्या विस्ताराने सांगावी हे त्या काळी नवलच, आणि आम्हीही पुढे जे सांगतो ते मुख्यत्वे त्याच आधाराने.

खेळ फार दिवस चालला नाही. तीन वर्षांची पोर, तिचे लग्न लागले. वर तीस वर्षांचा, बिजवर. शिऊरचे पाठक, वेदविद्येत आणि ज्योतिषात जाणते. बहिणाबाई नवऱ्याच्या विद्वत्तेविषयी आदरानेच बोलतात. चालीप्रमाणे मुलगी माहेरीच राहिली. नऊ वर्षांची होते न होते तोच घरात भाऊबंदकी उठली आणि तिच्यापायी आईबाप, ही आणि जावई अशी सारी मंडळी गाव सोडून निघाली. कुळकर्ण्याचे घर ते, पण आता गोदावरीच्या काठाकाठाने यात्रेकरूंबरोबर चालायचे आणि कोरडी भिक्षा मागून पोट भरायचे. याच भटकंतीत पंढरपूर घडले. शिखर शिंगणापूर झाले, रहिमतपुरास काही काळ मुक्काम झाला. शेवटी अकराव्या वर्षी पोर कोल्हापुरास येऊन पोचली.

येथे जरा थांबावे. नऊ ते अकरा या वयात मुलांचे मन ओल्या मातीसारखे असते. या मुलीच्या मनावर त्या दोन वर्षांत काय उमटले? पायांखालची वाट, परक्यांच्या ओसऱ्या, नदीचे घाट, ठिकठिकाणचे देव, आणि चंद्रभागेच्या वाळवंटातला तो कल्लोळ. पंढरपूर एकदा पाहिलेल्या पोराच्या मनातून ते कधी जाते काय? घरदार सुटले हे दुःख खरे. पण जी मुलगी एरवी देवगावच्या वाड्यात कोंडून राहिली असती, तिच्या डोळ्यांत पुढे जन्मभर पुरेल एवढा साठा या वणवणीने भरला. वारीला लहान पोर बरोबर घ्यावे की न घ्यावे असे कोणी विचारिले म्हणजे आम्हांस ही गोष्ट आठवते.

कोल्हापुरात एका ब्राह्मणाच्या घरी बिऱ्हाड झाले. गावात पुराण चाले, कीर्तने होत. जयरामस्वामींचे कीर्तन तेव्हा तेथे होत असे आणि त्यात तुकोबांची पदे गाइली जात. तुकोबा तेव्हा देहूत होते, देहाने जिवंत होते. पण कोल्हापूर कोठे आणि देहू कोठे. या मुलीने त्यांस पाहिलेले नव्हते. फक्त ऐकिले. आणि ऐकता ऐकता तिच्या मनात त्या वाणीमागचा माणूस आकार घेऊ लागला. आपल्याकडे श्रवण हे पहिले पाऊल म्हटले आहे, ते उगीच नव्हे. ऐकलेले कानाशीच राहिले तर ती करमणूक होते. ते आत उतरून चित्र होऊ लागले म्हणजे मग मनाला खाद्य मिळाले असे समजावे.

याच घरात तिच्या नवऱ्यास दानात एक गाय मिळाली. काळी गाय, तिला काळेच वासरू झाले. वासरू बहिणेच्या मागे मागे लागले. पाण्यास गेली तर मागे, पुराणास गेली तर मागे. तिच्यावाचून ते चारापाण्यास तोंड लावीना. लोक हसत. आम्हांस मात्र यात हसण्यासारखे काही दिसत नाही. बरोबरीची मैत्रीण नाही, खेळ नाही, अकराव्या वर्षी संसाराचा जू मानेवर आलेला. अशा पोरीला बोलण्यास कोणी तरी पाहिजे होते, तो मुका जीव मिळाला. ज्याच्यापाशी शब्द नाहीत त्याच्याशी बोलायचे तर त्याचे मन आपल्या मनाने ओळखावे लागते. पुढे जिने अभंगांत देवाचे मन ओळखण्याची खटपट केली तिची ही पहिली तालीम, असे आम्ही समजतो.

एके दिवशी जयरामस्वामींच्या कीर्तनास ती वासरासकट जाऊन बसली. गर्दी फार झाली तेव्हा कोणी तरी वासरू ओढून बाहेर काढिले. ते बाहेर हंबरू लागले, आत ही रडू लागली. स्वामींच्या कानी गेले. त्यांनी वासरास आत आणविले, आणि वासराच्या आणि मुलीच्या दोघांच्याही मस्तकावरून हात फिरविला. एवढीच गोष्ट. पण गावात तिचा बोभाटा झाला, आणि कोणी तरी ती तिच्या नवऱ्याच्या कानांवर घातली. नवरा संतापला. तिला केस धरून ओढिले, मारिले, बांधून घातले.

हे वाचताना आजही मन दुखते. पाठकबुवा विद्वान होते, पुढे पालटले, हे सारे खरे. तरी एका अकरा-बारा वर्षांच्या मुलीस कीर्तनास गेली म्हणून मारणे याला आम्ही दुसरे काही नाव देणार नाही. त्या काळची रीतच तशी होती म्हणून पुढे सरकणारे कथेकरी आम्ही ऐकिले आहेत. रीत असली म्हणून पाठीवरचा वळ हलका होत नाही.

मुलगी बांधलेली आणि गोठ्यात गाय-वासराने चारापाणी सोडिले. पुढे वासरू मेले. त्याला पुरिले त्या दिवशी ही बेशुद्ध पडली ती कित्येक दिवस शुद्धीवर आली नाही. एवढ्याशा जिवाने किती सोसावे? घर गेले, गाव गेले, मार खाल्ला, आणि ज्याला मनातले कळत होते तो एकच जीव मातीत गेला. आजच्या वैद्यांस विचारावे तर ते म्हणतील, मनाला धक्का बसला. तसेच असेल.

त्या अंधारात तिला प्रथम विठ्ठलाचे दर्शन झाले. आणि मग कार्तिक वद्य पंचमीस, रविवारी, तुकोबा दिसले. कधी न पाहिलेले तुकोबा. त्यांनी अमृत पाजिले, मस्तकावर हात ठेविला, आपला तीन नावांचा मंत्र दिला. मुलगी शुद्धीवर आली. उठली. तिथी आणि वार बहिणाबाईंनी नेमका सांगितला आहे. माणूस जसा लग्नाचा किंवा मुलाच्या जन्माचा दिवस सांगतो तसा.

आता येथे दोन प्रकारचे लोक आम्हांस भेटतात. एक म्हणतात हा चमत्कार, दुसरे म्हणतात ही नुसती कल्पना. आम्हांस या वादात पडायचे नाही. मात्र नुसती कल्पना हे शब्द ज्या हलकेपणाने टाकिले जातात ते आम्हांस पटत नाही. मराठवाड्यातल्या किंवा कोकणातल्या कोपऱ्यात राहणारा माळकरी वर्षातून एकदा, फार तर दोनदा पंढरीस येतो. बाकीचे दिवस तो काय करितो? डोळे मिटतो आणि विटेवरचे रूप मनात उभे करितो. पाय, कटीवरचे हात, कानांतली मकरकुंडले, गळ्यातली तुळस. एक दिवस सारे स्पष्ट दिसते, एक दिवस नुसती वीटच दिसते. पण रोज उभारावे लागते. ध्यान म्हणून जे म्हणतात त्याची सुरुवात मनाने चित्र घडविण्यातूनच होते. कोल्हापुरच्या त्या मुलीने कीर्तनातून ऐकिलेल्या शब्दांवरून महिनोन् महिने एक मूर्ती मनात घडविली होती. देह पडावयास आला तेव्हा तीच मूर्ती हात द्यावयास उभी राहिली. देवाने दिले म्हणा की मनाने दिले म्हणा. घडविणारे मन तिने राखिले होते म्हणून घेता आले.

मुलगी तुकोबांस गुरू म्हणू लागली हे कळताच घरात दुसरे वादळ उठले. ब्राह्मणाची बायको, आणि गुरू केला कुणब्या-वाण्याच्या घरातला! त्यातून तिला पाहण्यास लोक येऊ लागले आणि विद्वान नवरा बाजूस राहिला. हा घाव काही लहान नव्हे. विद्वानांस तर अधिक लागतो. पुन्हा मारहाण, पुन्हा गोठ्यात कोंडणे. हे तरी कमी म्हणून की काय, पाठकबुवांनी तिला टाकून निघून जाण्याचे ठरविले. ती तेव्हा तीन महिन्यांची गरोदर होती. निघण्याच्या दिवशीच त्यांच्या अंगाचा दाह सुरू झाला, महिनाभर उतरला नाही. जिला टाकून जायचे तीच उशाशी बसून शुश्रूषा करीत होती. त्या आजारात ते विरघळले. आपण देवाच्या माणसाची निंदा केली हे त्यांच्या मनाने घेतले आणि बरे झाल्यावर त्यांनी स्वतःच देहूची वाट धरिली. बायको, सासूसासरे, गाय, सारे बरोबर.

देहूस पोचले तेव्हा देवळात तुकोबा आरती करीत होते. बहिणाबाईंनी पाहिले. मनात जसे पाहिले होते तसेच.

आम्हांस वाटते, या चरित्रातला सर्वांत मोठा क्षण हाच. मारापेक्षा मोठा, दर्शनापेक्षाही मोठा. मनात घडविलेले आणि बाहेर उभे असलेले जुळले. ज्याने कधी शेतात पीक डोळ्यांपुढे आणून पेरणी केली आहे, किंवा ज्या सुताराने लाकडात पालखीचा दांडा आधी पाहिला आणि मग रंधा हाती घेतला, त्याला या क्षणाची थोडीशी चव ठाऊक असेल.

देहूस दिवस सुखाचे गेले असे मात्र समजू नये. रोज तुकोबांचे कीर्तन कानी पडे हे सुख होतेच. तुकोबांस देहाने पाहून, त्यांच्याजवळ राहून ज्यांनी लिहून ठेविले अशी माणसे फार थोडी. त्यांत ही एक बाई, म्हणून अभ्यासक तिच्या अभंगांस साक्षीचा मान देतात. पण त्याच गावात मंबाजी होते. या ब्राह्मण कुटुंबाने आपणास गुरू करावे अशी त्यांची इच्छा. ती फळली नाही म्हणून वाळीत टाकण्याच्या धमक्या, छळ. यांची गाय त्यांनी नेऊन कोंडिली आणि झोडपिली, आणि त्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उठले, असे बहिणाबाई सांगतात. वासराच्या मरणाने जी कोसळली होती तिने ही गोष्ट सांगावी याचा अर्थ वाचकांनीच मनात आणावा.

देहूस मुलगी झाली. तिचे नाव काशी. आणि यानंतर बहिणाबाईंच्या मनाने पुन्हा हाय खाल्ली. बाळंतपण, लहान मूल, गावाचा जाच, नवऱ्याची मर्जी, आणि या सगळ्यांत देवासाठी स्वतःचा असा एक क्षण नाही. बाईचा जन्म, त्यातून दुसऱ्याच्या स्वाधीन. या जगण्यापेक्षा मरण बरे असे त्यांनी मनाशी धरिले. आत्मघाताचा विचार केला. हे त्यांनी झाकून ठेविलेले नाही, आणि आम्हीही झाकीत नाही. कारण संतांच्या मनास कधी काळोख शिवतच नाही अशी समजूत करून घेऊन आपल्यातली कितीतरी माणसे आपला काळोख लपवितात, आणि लपविल्याने तो वाढतो.

त्या वेळी तुकोबा पुन्हा डोळ्यांपुढे आले. त्यांनी वाट अडविली. आणि या वेळी त्यांनी मंत्र नाही दिला. कवित्व दिले.

वाचकहो, हे नीट लक्षात घ्यावे. मरावयास निघालेल्या बाईस तिच्या गुरूने धीर दिला असता, वैराग्य शिकविले असते, कर्माचे भोग समजाविले असते. यांतले काहीच आले नाही. तिच्या हाती अभंग रचण्याचे काम दिले. पुढे मुलगा होईल हेही सांगितले, आणि तो झालाही. पण आधी रचना. पहिला अभंग विठ्ठलावर झाला आणि मग झरा फुटला तो आटला नाही. पाणी भरता भरता, दळता कांडता, मूल निजविता निजविता ओळ मनात घोळवायची. संसार तोच, कामे तीच. पण आता हात कामात आणि मन आणखी एका कामात. ते दुसरे काम कोणी हिरावून घेऊ शकत नव्हते. गोठ्याला बाहेरून कडी घालता येते, मनातल्या ओळीला कोठून घालणार?

आणि त्यांनी रचिले तरी काय? केवळ देवाची आळवणी नव्हे. ज्याने मन पोळत होते तेच त्यांनी अभंगांत घातले. बाईला वेद ऐकण्याचा अधिकार नाही, मंत्राचा नाही. मग बाईच्या जन्मास येऊन परमार्थ कसा साधावा, हा प्रश्न त्यांनी सरळ विचारिला. पतीची सेवा आणि देवाची भक्ती यांत ओढाताण होते तीही मांडिली, आणि तिची सोडवणूकही आपल्या परीने शोधिली. ती सोडवणूक आजच्या सर्वच बायकांस पटेल असे नाही; पतिसेवेचा जो उपदेश त्या करितात तो वाचून आमच्या घरातल्या शिकलेल्या मुली नाके मुरडतात, आणि आम्ही त्यांस दोष देत नाही. पण ज्या बाईने मार खाल्ला तिने तो प्रश्न गिळून टाकिला नाही, शब्दांत उतरवून समोर ठेविला, आणि मग त्याच्याकडे पाहत वर्षे काढिली. पोटात साचलेले आणि समोर मांडिलेले यांत फार अंतर आहे.

जातीचा प्रश्नही त्यांनी असाच सोडिला नाही. ब्राह्मणाच्या बाईने कुणबी गुरू केला म्हणून जो छळ झाला, त्याचे उत्तर त्यांनी भांडून दिले नाही. वज्रसूची म्हणून जो संस्कृत ग्रंथ आहे त्याचा विषय त्यांनी अभंगांत आणिला. ब्राह्मण कोणास म्हणावे? जिवास, देहास, जातीस, वर्णास, पांडित्यास, की कर्मास? एकेक घ्यायचे, तपासायचे, बाजूस ठेवायचे. आणि शेवटी ब्रह्म जो जाणतो तो, येथे येऊन थांबायचे. वेदपाठकाच्या घरात बसून एका बाईने हे मराठीत करावे! कोल्हापुरात जिला बांधून घातले होते तीच ही.

पुढचे आम्ही थोडक्यात सांगतो, कारण पुढे वादळे कमी आणि वर्षे जास्त. मुलगा झाला, त्याचे नाव विठोबा. कुटुंब शिऊरास जाऊन स्थिरावले. तेथे बहिणाबाईंनी काही काळ मौन धरिले होते. कवीने मौन धरावे हे उलटे वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. विहिरीत पाणी साचावयास उपसा थांबवावा लागतो. हल्ली दिंडीत चालतानाही पुष्कळांच्या हातातला मोबाईल सुटत नाही. मृदंग थांबला की लागलीच कानाशी दुसरे काही. मनाला रिकामे बसण्यास क्षणभर फुरसत नाही आणि मग आत काही उगवत नाही म्हणून तक्रार. (आमच्याही खिशात एक आहे. दुसऱ्यास सांगतो तेवढे आम्ही पाळतोच असे नाही.)

शके १५७१ च्या फाल्गुनात, इ. स. १६५० साली, तुकोबा गेले. बहिणाबाई देहूस धावल्या आणि अठरा दिवस अन्नावाचून बसून राहिल्या. तेव्हाही तुकोबांचे दर्शन झाले असे सांगतात. त्यांचे वय तेव्हा बावीसच्या आसपास. गुरूच्या माघारी त्या आणखी पन्नास वर्षे जगल्या. समर्थ रामदासांच्या सहवासातही त्या राहिल्याचे परंपरा सांगते, आणि नंतर पुन्हा शिऊर. वाढते घर, मुलगा, सून, कीर्तने, आणि अभंग. जी पोर लहानपणी कित्येक दिवस बेशुद्ध पडली, तरुणपणी मरावयास निघाली, ती बहात्तर वर्षे जगली. आणि अखेरपर्यंत तिची वाणी थकली नाही.

अखेरची गोष्ट सांगून थांबतो. देह ठेवण्याची वेळ जवळ आली हे ओळखून त्यांनी मुलास, विठोबास, सारी कथा सांगितली. या जन्माची तो जाणत होताच. त्यांनी मागचे बारा जन्म सांगितले. कोणत्या जन्मी कोठे होतो, कोणाच्या पोटी आलो, कोणती साधना केली, काय अपुरे राहिले, आणि तू मुला मागेही माझ्या संगतीस कसा होतास. बारा जन्म, एकामागून एक. ऐकणारा मुलगा काय म्हणाला असेल, त्याच्या डोळ्यांपुढे काय काय उभे राहिले असेल, हे आम्ही पुष्कळदा मनात आणितो. तीन वर्षांची असता जिचे लग्न लागले, जिला स्वतःचे असे काहीच निवडावयास मिळाले नाही, ती म्हातारी होऊन अंथरुणावर पडल्या पडल्या बारा आयुष्ये मुलाच्या ओंजळीत घालीत होती.

शके १६२२, आश्विन शुद्ध प्रतिपदा. घटस्थापनेचा दिवस. घरोघर बाया परडीत माती घालून धान्य पेरीत असतील, त्या दिवशी बहिणाबाईंनी देह ठेविला. त्यांची समाधी शिऊरास आहे, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यात. ज्या बाईंनी आम्हांस तो प्रश्न विचारिला त्यांचे गाव तेथून लांब नाही. पुढच्या चातुर्मासात त्या बाजूस जाणे झाले तर त्यांस बरोबर घेऊन शिऊरास जावे, आणि वाटेत ही कथा त्यांस नीट सांगावी, असा आमचा मानस आहे.